पाणी चाळीस फुटांवर येण्याआधी: रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण चमूला पुरासाठी तयार कसं करावं

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर धोका. कोल्हापुरात पंचगंगेचं हेच गणित राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३ फुटांचं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. या भागातल्या लहान पोरालाही हे आकडे पाठ आहेत. पण रुग्णालयात ‘४० फूट झाले, आता संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरने नेमकं काय करायचं?’ असं विचारलं की मेट्रन (परिचारिकांच्या प्रमुख) आरएमओंकडे (निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे) बघतात आणि आरएमओ फाइलकडे.

फाइल सगळीकडे असते. मान्यतेच्या तपासणीला दाखवायला ती लागतेच. हा लेख फाइलमधलं लोकांच्या हातात कसं उतरवायचं याबद्दल आहे. पन्नास ते दीडशे खाटांचं, नदीकाठचं किंवा सखल भागातलं रुग्णालय मी डोळ्यांसमोर ठेवलंय. कोकणात, मुंबईत किंवा विदर्भात असाल तर नदीचं नाव आणि आकडे बदला, बाकी फारसा फरक पडणार नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. आपत्तीत संसर्ग नियंत्रणाचे सगळे नियम पाळले जात नाहीत. पाणी नसतं, माणसं कमी असतात, कचऱ्याची गाडी येत नाही. नियम मोडणारच. कुठला आधी सोडायचा, कुठला नंतर, आणि कुठला काहीही झालं तरी सोडायचा नाही, हे शांत डोक्याने पावसाळ्याच्या बरंच आधी ठरवून ठेवायचं. माझ्या मते प्रशिक्षण म्हणजे एवढंच.

वही घेऊन इमारत फिरा

प्रशिक्षणाची सुरुवात सभागृहात करू नका. एक दिवस दुपारी चौघांनी मिळून सगळी इमारत चालून पाहा. संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टर, देखभाल विभागातला एकजण, स्टोअरकीपर आणि सफाईच्या मावशींपैकी सगळ्यात जुन्या मावशी. मावशींना वगळू नका. मागच्या पुरात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं हे त्यांनाच आठवत असतं.

पाहायचं काय? जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण पुराच्या रेषेच्या वर आहे का खाली. खाली असेल तर नळाला येणारं पाणी आणि गटारातलं पाणी एकच समजा. सीएसएसडी (हत्यारं निर्जंतुक करण्याचा विभाग) तळघरात आहे का. जैववैद्यकीय कचऱ्याची खोली मागच्या अंगणात, सगळ्यात खोलगट जागी आहे का (बहुतेक ठिकाणी असतेच, कारण ती कुणालाच डोळ्यांसमोर नको असते). लसींचा आयएलआर (लसी ठेवायचा खास फ्रीज) कुठल्या सॉकेटवर आहे आणि ते सॉकेट जनरेटरच्या लाइनवर आहे का. तळमजल्याच्या संडासातून सांडपाणी उलटं वर येतं का. मास्क, हातमोजे, हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण) ठेवलेल्या स्टोअरची किल्ली रात्री कुणाकडे असते.

या शेवटच्या प्रश्नाला हसू नका. मी पाहिलेल्या एका सरावात रात्री साडेअकराला ‘स्पिल किट आणा’ (सांडलेलं रक्त साफ करायचं सामान) म्हटलं, तर किट कुलपात आणि किल्ली स्टोअरकीपरच्या खिशात, तेही आठ किलोमीटरवर घरी झोपलेले. त्या दिवसापासून माझ्या वहीत पहिली ओळ किल्लीची असते.

सोडण्याचा क्रम ठरवा

आता समिती बसवा. रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीत डॉक्टर, मायक्रोबायोलॉजिस्ट, मेट्रन, ऑपरेशन थिएटरचे (ओटीचे) इन्चार्ज, स्टोअर आणि प्रशासन असतंच. त्यांच्याकडून कागदावर एक क्रम लिहून घ्या आणि खाली सह्या घ्या. रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या ज्युनियर सिस्टरला कुणाची परवानगी मागत बसायला लागू नये, म्हणून त्या सह्या.

सगळ्यात आधी सोडायच्या ठरलेल्या तारखेच्या, तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया. यात निर्जंतुक सामान, पाणी आणि माणसं एकदमच वाचतात. मग इंजेक्शनं. तोंडाने घेता येणारं औषध शिरेतून दिलं जात असेल तर डॉक्टरांनी दररोज राउंडला ते बदलायचं. एक इंजेक्शन कमी झालं की एक सुई कमी, एक सिरिंज कमी आणि टोचण्याचा एक धोका कमी. त्यानंतर हातमोजे. बीपी घेताना, गोळ्या देताना, पेशंटला हात धरून उठवताना हातमोजे लागत नाहीत. ते फक्त रक्त, लघवी, शौच, उघडी जखम आणि क्लोरीनच्या कामासाठी राखून ठेवा. स्वच्छ, चालत्याफिरत्या पेशंटची चादर दररोजऐवजी दोन दिवसांनी बदलली तरी आभाळ कोसळत नाही. एन ९५ मास्क कमी पडले तर एकाच पाळीत तो न काढता जास्त वेळ घालणं चालेल. पुन्हापुन्हा काढून घालणं जास्त धोक्याचं आहे, कारण हात दर वेळी मास्कच्या बाहेरच्या बाजूला लागतो.

आणि शेवटपर्यंत सोडायच्या नाहीत अशा पाच गोष्टी: एका पेशंटला एक सुई आणि एक सिरिंज, पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर हातांची स्वच्छता, सुया पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यातच, शस्त्रक्रियेला आणि प्रसूतीला निर्जंतुकच हत्यारं, पिण्याच्या पाण्यात क्लोरीन. ही यादी मोठ्या अक्षरांत नर्सिंग स्टेशनवर लावा. लांबलचक नियमावली नको, या पाच ओळी पुरेत.

क्लोरीनचं गणित हातानं करून घ्या

माझ्या सत्रांमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जाऊ द्यावा. क्लोरीनचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण मात्रा फार थोड्यांना सांगता येते.

हायपोची बाटली साधारण ५ टक्क्यांची किंवा १० टक्क्यांची मिळते. लेबल वाचायला लावा. ५ टक्क्यांपासून १ टक्का करायचं तर एक भाग हायपो, चार भाग पाणी. १० टक्क्यांपासून करायचं तर एक भाग हायपो, नऊ भाग पाणी. प्रत्येक मावशीने आणि मामाने स्वतः मग घेऊन हे मोजून दाखवायचं. पाठ म्हणून घेऊन उपयोग नाही. मापी मग नसेल तर कुठलंही एकच भांडं घ्या, ५ टक्क्यांच्या एका भांड्याला चार भांडी पाणी, १० टक्क्यांच्या एकाला नऊ, गणित चुकत नाही. द्रावण दररोज नवीन, बाटलीवर तारीख आणि वेळ, उन्हात ठेवायचं नाही. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये हायपो कधीही मिसळायचा नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि कोंदट बाथरूममध्ये माणूस कोसळू शकतो. पुरानंतर ‘जास्त स्वच्छ व्हावं’ म्हणून हे करणारे लोक असतात, म्हणून ते बजावून सांगा.

रक्त सांडलं तर आधी त्यावर कापूस किंवा कागद टाकायचा, मग १ टक्का हायपो ओतायचा, किमान दहा मिनिटं थांबायचं, मग पुसायचं. ही दहा मिनिटं सरावात घड्याळ लावून मोजा. न मोजता थांबलेल्यांची दहा मिनिटं साधारण दीड मिनिटात संपतात!

कॉलऱ्याचा संशय असेल तर माप वेगळं. शौच आणि उलटीसाठी २ टक्के, फरशी आणि खाटांसाठी ०.२ टक्के, हात धुण्यासाठी ०.०५ टक्के. या तीन बादल्यांना तीन रंगांच्या पट्ट्या लावून ठेवा, कारण घाईत आकडे कुणी वाचत नाही.

आता पाणी. टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) ग्रामपंचायतीच्या माणसाला चांगली ठाऊक असते, रुग्णालयात मात्र ती कुणाच्या हाताखालून गेलेली नसते. चांगल्या, ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. ओलाव्यात ठेवलेल्या, गोळे झालेल्या पावडरीत त्याचा पत्ता नसतो. स्वच्छ पाण्याच्या १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम पुरते. पुराच्या गढूळ पाण्याला जास्त लागते, म्हणून आकड्यावर विसंबू नका, तपासणीवर विसंबा. पावडर थोड्या पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं पाणी टाकीत ओतायचं आणि निदान अर्धा तास थांबायचं, तासभर थांबलं तर उत्तम. मग शेवटच्या मजल्यावरच्या, टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळाला ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पाण्यातलं क्लोरीन मोजायची तपासणी). पिवळा रंग दहा सेकंदांच्या आत वाचायचा. उशीर केला तर आकडा फुगलेला दिसतो. एरवी नळाला ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन पुरतं, पूरकाळात ०.५ धरा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ बसवा. चिखलाच्या कणांत लपलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन पोचत नाही.

पाणी नाही, तर हात कसे धुवायचे

सत्राच्या आधी देखभाल विभागाला सांगून एका वॉर्डचा नळ बंद करा आणि तिथेच सराव घ्या. तोटी बसवलेल्या दोन बादल्या, एक साबण, खाली पाणी गोळा करायला टब. साबणाने ४० ते ६० सेकंद, हँड रबने (हातावर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाने) २० ते ३० सेकंद. चिखल किंवा रक्त लागलेल्या हातांवर हँड रब चालत नाही, ते आधी धुवावेच लागतात.

हँड रब रुग्णालयातच बनवता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राने १० लिटरला ९६ टक्क्यांचं इथेनॉल ८३३३ मिलिलिटर, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलिटर, ९८ टक्क्यांचं ग्लिसरॉल १४५ मिलिलिटर, आणि उरलेलं उकळून गार केलेलं पाणी. मेख अशी की बनवल्यावर तो ७२ तास बाजूला ठेवायचा असतो, बाटल्यांतले जिवाणूंचे बीजाणू मरायला तेवढा वेळ लागतो. म्हणजे पाणी रस्त्यावर आल्यावर बनवायला घेतलात तर उशीर झालेला आहे. नदी इशाऱ्याच्या पातळीकडे चढायला लागली की बनवायला घ्या. इथेनॉलचा साठा आगीपासून लांब ठेवा, पूरकाळात मेणबत्त्या पेटलेल्या असतात.

कुणाला शिकवायचं

सगळ्यांना, पण वेगवेगळं. डॉक्टरांना वीस मिनिटांपेक्षा जास्त मिळत नाहीत, ती पाच नियमांवर आणि इंजेक्शनं कमी करण्यावर घालवा. सिस्टरना दोन तास. मावशी-मामांना पाऊण तास, तेही काम करून दाखवत, मराठीत आणि चित्रांनी. रखवालदार, स्वयंपाकघर, लाँड्री, जनरेटरवाला आणि ॲम्ब्युलन्सचा चालक यांना दहा-दहा मिनिटं त्यांच्याच जागी जाऊन. पुरात पेशंटला सगळ्यात आधी भेटतो तो रखवालदार. ताप आणि पुरळ असलेल्या पोराला गर्दीतून वेगळं काढून मास्क देणं त्याने केलं तर गोवर वॉर्डात शिरत नाही.

प्रशिक्षणाच्याच दिवशी प्रत्येकाची बी कावीळ आणि धनुर्वाताची लस झाली आहे का ते तपासून टाका. सुई टोचली तर काय करायचं ते तोंडी म्हणून घ्या: साबण आणि पाण्याने धुवा, पिळू नका, लगेच कळवा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हावं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. म्हणून त्या गोळ्यांची किल्लीसुद्धा वहीत लिहा.

पुराचं आजारांचं वेळापत्रक

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरलं, लोकांनी घरं धुतली, आणि मग लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) पेशंट यायला लागले. हा उशीर समजला की अर्धी तयारी झाली.

पहिल्या तीन दिवसांत जखमा, सर्पदंश, बुडालेले, विजेचा धक्का बसलेले. त्यानंतर जुलाब, कारण लोकांनी मिळेल ते पाणी प्यायलेलं असतं. लेप्टो साधारण ५ ते १४ दिवसांत: ताप, पोटऱ्या दुखणं, लाल डोळे, कमी लघवी, मग कावीळ. डेंग्यू आणखी थोडा उशिरा, कारण डासांना साठलेलं स्वच्छ पाणी मिळून पिढी तयार व्हायला वेळ लागतो. ए कावीळ सरासरी चार आठवड्यांनी, ई त्याहूनही नंतर, म्हणजे टीव्हीवरच्या बातम्या संपल्यावर. हे एका लांब कॅलेंडरवर रंगवून कॅज्युअल्टीत लावा आणि दररोज सकाळी पाच रकाने भरा: ताप, जुलाब, कावीळ, खोकला, ताप-पुरळ. एरवीपेक्षा आकडा वाढला की त्याच दिवशी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना कळवायचं, आठवड्याच्या अहवालाची वाट पाहायची नाही.

इथे एक गैरसमज प्रशिक्षणातच मोडावा लागतो. लेप्टोच्या पेशंटला लोक घाबरून कोपऱ्यातल्या खोलीत टाकतात. लेप्टो सहसा माणसाकडून माणसाला होत नाही, त्याला जनरल वॉर्डात नेहमीच्या काळजीने ठेवा. ती खोली खोकला असलेल्या टीबीच्या किंवा गोवराच्या पेशंटसाठी हवी, समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून. तसंच मृतदेहांबद्दल: पुरात बुडून गेलेल्या माणसांच्या देहातून साथ पसरते ही भीती निराधार आहे. हाताळणाऱ्याने हातमोजे घालावेत, नंतर हात धुवावेत. घाईने सामूहिक अंत्यविधी करायची गरज नसते, घरच्यांना ओळख पटवायला वेळ द्यावा.

गुडघाभर पाण्यातून ड्यूटीवर येणाऱ्या कर्मचाऱ्यांचा विचार स्वतंत्र करा. गमबूट, जखमेला पाणी न शिरणारी पट्टी, आणि लेप्टो टाळायला डॉक्टरांनी ठरवल्याप्रमाणे डॉक्सीसायक्लिन. प्रौढाला ते सहसा आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम दिलं जातं, गर्भवती सिस्टरना मात्र चालत नाही. त्यांची यादी आधीच तयार हवी.

कचऱ्याची गाडी आली नाही तर

जैववैद्यकीय कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, हा २०१६ चा नियम. पुरात गाडी येत नाही. त्याच नियमात वाट दिलेली आहे: जास्त ठेवावा लागला तर त्रास होणार नाही अशी व्यवस्था करायची आणि कारणासह प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायचं. कळवण्याचा मजकूर आधीच टाइप करून ठेवा, फक्त तारीख भरायची. कचरा पहिल्या मजल्यावरच्या एका बंद खोलीत, पिवळ्या पिशव्या दुहेरी करून, झाकणाच्या पिंपात. आणि काहीही झालं तरी अंगणात जाळायचा नाही.

चिठ्ठ्यांचा खेळ

आता हे सगळं एकत्र तपासा. सात-आठ जण, दोन तास, टेबलावर इमारतीचा हाताने काढलेला नकाशा. एकाच्या हातात चिठ्ठ्या. दर दहा मिनिटांनी एक उघडायची.

‘सकाळी ८. आयर्विन ३८ फूट, पाऊस चालू.’ ‘दुपारी १. ४० फूट. रात्रपाळीच्या तीन सिस्टर पलीकडच्या तीरावर, पूल बंद.’ ‘संध्याकाळी ६. ४५ फूट, तळघरात पाणी, सीएसएसडी बंद, दोन सिझेरियन वाट पाहताहेत.’ ‘रात्री १०. निवारा केंद्रातून १४ जुलाबाचे पेशंट ट्रॅक्टरमधून.’ ‘रात्री ११. सफाईच्या मामांच्या बोटाला सुई टोचली.’ ‘पहाटे ३. डिझेल दोन तासांचं उरलं.’

दर चिठ्ठीला तीनच प्रश्न: फोन कुणाला, वस्तू कुठे, किल्ली कुणाकडे. ‘बघू’, ‘करू’ अशी उत्तरं मान्य नाहीत. सिझेरियनच्या चिठ्ठीवर नेहमी शांतता पसरते. मग कळतं की निर्जंतुक सेट मोजलेलेच नव्हते. उत्तर असं असायला हवं: इशाऱ्याच्या पातळीलाच दहा प्रसूती सेट आणि चार सिझेरियन सेट वरच्या मजल्यावर गेलेले, आणि उंचावरच्या दुसऱ्या रुग्णालयाशी ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) वापरण्याचा लेखी करार. संख्या तुमच्या प्रसूतींच्या सरासरीवर ठरवा.

हा खेळ एप्रिलमध्ये आणि खरा सराव मेमध्ये, रात्रपाळीत, न सांगता. दिवसा इन्चार्ज असतात आणि सगळं छान होतं. सरावानंतर अर्ध्या तासाच्या आत तिथेच उभं राहून काय अडलं ते लिहून काढा, प्रत्येक अडचणीपुढे एक नाव आणि एक तारीख. दोष कुणाला द्यायचा नाही, नाहीतर पुढच्या वेळी कुणी खरं सांगणार नाही.

पाणी ओसरल्यावर पुन्हा उघडताना

क्रम चुकवू नका. आधी वायरमनने वीज तपासायची. मग चिखल खरवडून, पाण्याने धुऊन काढायचा, मगच क्लोरीन. चिखलावर हायपो ओतणं म्हणजे पैसे गटारात घालणं. भिजलेल्या गाद्या, उशा, पुठ्ठ्याच्या खोक्यांतलं सामान, एसीचे फिल्टर टाकून द्या, वाळवून वापरू नका. एक-दोन दिवसांत न वाळलेल्या भिंतीवर बुरशी धरते, त्या वॉर्डात प्रतिकारशक्ती कमी असलेले पेशंट ठेवू नका. पाण्याची टाकी रिकामी करून घासा, मग भरून दर १००० लिटरला साधारण १५० ग्रॅम ताजी टीसीएल घाला, एक दिवस ठेवा, सगळे नळ वाहू द्या, रिकामी करा, पुन्हा भरा आणि ओटी टेस्ट करा.

ऑटोक्लेव्ह सगळ्यात शेवटी. पाण्यात बुडालेलं यंत्र ‘चालू झालं’ म्हणजे ‘निर्जंतुक करतं’ असं नाही. इंजिनियरने तपासल्यावर रिकाम्या चेंबरमध्ये बोवी-डिक टेस्ट (वाफ सगळीकडे नीट पोचते का ते पाहणारी), मग जैविक निर्देशकाची, म्हणजे चिवट जिवाणूंचे बीजाणू असलेली कुपी घालून फेरी. कुपीत जिवाणू वाढले नाहीत असा निकाल मायक्रोबायोलॉजीकडून लेखी येईपर्यंत त्या ऑटोक्लेव्हमधून निघालेला एकही सेट ओटीत नेऊ द्यायचा नाही, सर्जन दारात उभे असले तरी.